मागे कोणी नाही

हे सगळं घडलं दोन हजार पंधरा साली. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी माझ्या भावाने मला काचेवर बोट फिरवायचा फोन आणून दिला आणि म्हणाला, ताई, आता तू जगात आलीस. तोवर मी कुठे होते कोण जाणे.

आम्ही तिघं एका घरात राहत होतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. मी लग्न केलं नाही. अंध मुलांच्या निवासी शाळेत ब्रेल शिकवण्यात माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं आणि ते बरं गेलं. भाऊ दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचा. मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं, त्यावर ओळीने दात मांडलेले असायचे. पाहुणे आले की त्यांना काही न सांगता तिकडे न्यायचा आणि दिवा लावायचा. अर्ध्या शहराचं हसू माझ्या हातात आहे, असं म्हणायचा. हा एकच विनोद त्याने चाळीस वर्षं वापरला आणि दर वेळी स्वतःच आधी हसला.

त्याची बायको माझ्याच शाळेत होती. मुलांना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवायची, म्हणून मुलं तिला काठीबाई म्हणत. मीही इथे तेच म्हणते. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिची पंचाईत झाली. शाळेत मला बाई म्हणायची, घरात काय म्हणायचं? शेवटी तिने तिच्या आजीच्या तोंडचा शब्द उचलला आणि मला वन्सं म्हणायला लागली. मला आधी हसू यायचं. आता त्या शब्दाने हाक मारणारं कोणी उरलं नाही.

काठी शिकवणं बाहेरून सोपं दिसतं. आधी व्हरांडा, मग अंगण, मग फाटकाबाहेरचा रस्ता. सुरुवातीला काठीबाई मुलाच्या शेजारून बोलत चालायची. मग तिचा आवाज दोन पावलं मागे जायचा, मग दहा. कोपऱ्यावरच्या पानांचा वास, तळघराच्या जाळीतून येणारी गार हवा, दुकानाच्या छपराखाली बदलणारा पावलांचा आवाज, हे सगळं मुलाच्या अंगात भिनेपर्यंत महिने जायचे. आणि मग एक दिवस यायचा एकट्या फेरीचा.

ही शाळेची जुनी रीत. फाटकातून निघायचं, भिंतीच्या कडेने जायचं, मोठा रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या बेकरीतून एक पाव घ्यायचा आणि परत यायचं. आलं की जेवणघराची घंटा वाजवायची. घंटा वाजली की तास सोडून सगळी शाळा धावायची, आणि त्या एका पावाचे इतके तुकडे व्हायचे की प्रत्येकाच्या वाट्याला कणभर यायचा. पण तो कण कोणी सोडायचं नाही.

निघताना काठीबाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणायची, "मागे कोणी नाही. पुढे रस्ता आहे. जा."

मग फाटक मोठ्याने बंद व्हायचं. मुलाला वाटायचं, बाई आत राहिल्या. खरं म्हणजे फाटक लावायचा तो पहारेकरी, आणि काठीबाई बाहेर असायची. पायात लोकरी तळव्यांचे बूट, अंगाला सुवास नाही, हातात बांगडी नाही. मुलाच्या मागून, श्वाससुद्धा जपून घेत, ती बेकरीपर्यंत जायची आणि परत यायची. नियम एकच होता. पडलं तर पडू द्यायचं, रडलं तर रडू द्यायचं, वाट चुकलं तर चुकू द्यायचं. जीवावर बेतलं तरच हात लावायचा. कारण एकदा का हात लागला, की त्या मुलाच्या लेखी रस्ता कायमचा दुसऱ्याच्या हातात गेला.

हे गुपित आम्ही मोठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलं. नवा शिक्षक आला की मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, त्याला खोलीत बोलावून दार लावून हे सांगायचे. एकाही मुलाला कधी कळलं नाही, अशी आमची समजूत होती.

त्या वर्षी एकटी फेरी होती भिंगरीची. पंधरा वर्षांची पोर. आनंद झाला की जागच्या जागी गरगर फिरायची, म्हणून हे नाव. आईबापांना उशिरा झालेली एकुलती एक. तिचे वडील मालाचा टेम्पो चालवायचे. पोरगी शाळेत आली तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिला जिना म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, कारण वडील तिला उचलूनच वरखाली न्यायचे. भेटायला आले की आधी तिच्या नडग्या तपासायचे. नवा ओरखडा दिसला की काठीबाईकडे यायचे.

"बाई, मला पोर चालणारी नको, जपलेली पाहिजे," असं एकदा त्यांनी माझ्यादेखत सांगितलं.

काठीबाई म्हणाली, "किती दिवस जपाल?"

"मरेपर्यंत."

"कुणाच्या?"

तिच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता, पण जीभ सरळ होती, आणि सरळ जिभेचा घाव जास्त लागतो. ते गृहस्थ निघून गेले. तो एक शब्द त्यांनी तिला कधी माफ केला नाही.

फेरीच्या दिवशी सकाळी रस्ता ठीक होता. पाण्याचे नळ टाकणाऱ्या लोकांनी नेमका त्याच दिवशी पदपथ उखडायला घेतला, तोही भिंगरी फाटकातून निघून गेल्यावर. कोपऱ्यावर पोचली तर जिथे भिंत असायला हवी तिथे लोखंडी कठडा. ती वळली तर खांब. पुन्हा वळली तर मातीचा ढीग. यंत्राचा आवाज इतका की गाड्या कुठून येतात ते कळेना. घाबरून ती गोल फिरली, काठी कठड्यात अडकली आणि हातातून सुटली. मग ती खाली बसली आणि जमीन चाचपायला लागली. रडत होती. कोणी आहे का, असं विचारत होती.

काठीबाई तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून तिने आम्हाला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. म्हणाली, "वन्सं, तिची बोटं चाचपत चाचपत माझ्या बुटापाशी आली. मी पाय मागे घेतला. आयुष्यात इतकं जड काही उचललं नाही मी." मग पोरीने डोळे पुसले, काठी शोधून काढली, कठड्याला पाठ लावून उभी राहिली आणि ऐकत राहिली. खूप वेळ. यंत्र थांबलं त्या क्षणी तिने गाड्यांची दिशा धरली आणि रस्ता ओलांडला. बेकरीवाल्याने पाव दिला. परत येताना तो उखडलेला कोपरा तिने असा पार केला, की जणू तोच तिच्या ओळखीचा होता. घंटा इतकी वाजवली की दोरी तुटायची राहिली. भाऊ म्हणाला, घंटेला पण कवळी लागली असती. आम्ही हसलो. त्या घरातलं आमचं शेवटचं मोकळं हसू ते.

कोपऱ्यावर केस कापायचं एक दुकान आहे, पुढे सगळी काच. आतल्या मुलीने हे पाहिलं. तिच्या पुढ्यात एक बाई डोक्याला रंग लावून बसली होती, त्यामुळे हात मोकळे होते. तिने काचेवर टकटक केली. काठीबाईने तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मग त्या मुलीने फोन काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या नव्या फोनवर माझ्या बालमैत्रिणीने काहीतरी धाडलं. खाली लिहिलं होतं, ही कैदाशीण बघ, अंध पोरीची मजा बघते आहे, ओळखीच्या सगळ्यांना पाठव. मी बघितलं. मिनिटभराचंही नव्हतं. एक पोरगी जमिनीवर रांगत होती, एक बाई हाताची घडी घालून उभी होती. पोरगी कोणी आहे का म्हणत होती. बाई तोंडावर बोट ठेवत होती. पोरीचा हात बुटापाशी आला आणि बाईने पाय मागे घेतला. तिथे संपत होतं. मागून एका मुलीचा आवाज येत होता, अगं ही नुसती उभीच आहे, पाय काढून घेतला बघ हिने.

खरं सांगते, पहिल्यांदा बघताना माझीही तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा मला ते लोकरी बूट दिसले.

संध्याकाळपर्यंत तिचं नाव, शाळा, पत्ता, फोन, सगळं लोकांनी शोधून काढलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मी जन्मभर ऐकत आले. पण इतक्या जिभा एकदम कधी पाहिल्या नव्हत्या. हिचे डोळे काढा. हिला रस्त्यावर रांगायला लावा. कुणी तिच्या चेहऱ्यावरून सांगत होतं की ही घरी पोरांना चटके देत असणार. आमच्या घरात पोरंच नव्हती. ज्या बाईंनी दर वर्षी शाळेला धान्य दिलं त्यांनीही लिहिलं. ज्यांना मी भली माणसं म्हणून ओळखत होते, त्यांनीच जास्त लिहिलं. वाईट माणसाला काय, त्याला अंध पोरीचं सोयरसुतक नसतंच.

पुढच्या आठवड्यात लोक आमच्या दारात बूट टाकून जायला लागले. जुने, फाटके, चिखलाचे. पाय मागे घेणारीला हा आहेर. सकाळी दार उघडलं की ढीग. भाऊ ते पोत्यात भरायचा आणि म्हणायचा, जोड्या तरी टाका लेकांनो, सगळे एकेकटे. एका डॉक्टरांनी त्याला गोड आवाजात सांगितलं की थोडे दिवस काम पाठवत नाही, पेशंट विचारतात. कवळीचा आणि बायकोच्या बुटाचा काय संबंध, असं तो मला विचारत होता. त्या दिवशी त्याने विनोद केला नाही.

मोठ्या सरांनी आम्हा दोघींना शाळेत बोलावलं. ते म्हणाले, दोन ओळींचं काम आहे. एकट्या फेरीची पद्धत काय, मागून चालायचं का, हात का लावायचा नाही, एवढं सांगून टाकू. ओरडणाऱ्यांतले निम्मे उद्या गप्प होतील. उरलेल्या निम्म्यांना लाज वाटेल.

काठीबाई नाही म्हणाली.

तिचं म्हणणं असं, की या शाळेतून गेलेली माणसं आज कुठे कुठे आहेत. कुणी परक्या गावात खोली घेऊन राहतं, कुणी पोराला बोटाला धरून शाळेत सोडतं. भीती वाटली की ती स्वतःला सांगतात, त्या दिवशी मी एकटा गेलो होतो, आजही जाईन. "त्यांच्या पायाखालची तेवढी एक फरशी आहे सर. ती मी काढून घेऊ?" सर म्हणाले, व्हिडिओ तर सगळीकडे आहे, तो ऐकून त्यांना कळणारच. ती म्हणाली, त्यात मी एका मुलीच्या मागे होते एवढंच दिसतं. सगळ्यांच्या मागे होते, हे दिसत नाही.

"आणि तुमचं काय?" सरांनी विचारलं.

"माझं काय. लोकांना आठ दिवसांत दुसरं कोणी सापडेल."

दुसरं कोणी सापडलं, हे खरं. पण म्हणून तिला कोणी सोडून दिलं नाही. आगीला नवं लाकूड मिळालं म्हणून जुनं लाकूड परत हिरवं होत नाही.

शाळा मूग गिळून बसली, आणि लोकांना तेच पुरलं. त्यातच भिंगरीचे वडील कॅमेऱ्यासमोर आले. त्यांना मी दोष देत नाही. कुठल्याही बापाने आपली पोर तशी रांगताना पाहिली असती तर तो वेडा झाला असता. त्यांनी सांगितलं, मी या बाईला आधीच ओळखलं होतं, तिने माझ्या मरणावर बोट ठेवलं होतं. मग ते पोरीला घरी न्यायला आले.

ती जायच्या आधी काठीबाईला भेटायला आली. वाचनाच्या खोलीत, जिथे मी वर्षानुवर्षं शिकवलं, तिथे आम्ही दोघी बसलो होतो. भिंगरी एकटी आली नव्हती. मागे दारात पाच-सहा मोठी मुलं उभी होती, सगळी एकटी फेरी केलेली. त्यांच्यात सगळ्यांत उंच होता रेडिओ. दिवसभर बोलायचा म्हणून त्याला हे नाव, पण त्या दिवशी तोही गप्प होता. व्हिडिओ सगळ्यांनी ऐकला होता. बघणाऱ्यांना त्यात बूट दिसला, ऐकणाऱ्यांना फक्त एवढंच कळलं की बाई तिथे होत्या.

"बाई, तुम्ही होता?" भिंगरीने विचारलं.

"होते."

"पहिल्यापासून?"

"फाटकापासून."

 मग म्हणाली, "तुम्ही मला उचललं नाही म्हणून लोक बोलतात. त्याचं मला काही नाही. पण मी घंटा वाजवली ना बाई, सगळ्यांसमोर. खोटीच वाजवली."

काठीबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून रेडिओ म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्याही मागे होता का?"

 दारातली सगळी मुलं मान पुढे काढून उभी होती. काठीबाईने त्यांच्याकडे बघितलं, मग भिंगरीकडे, मग माझ्याकडे. 

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सगळे एकटे गेलात. हिच्याच मागे गेले मी. हिच्यावर माझा भरवसा नव्हता."

भिंगरीने नुसती मान हलवली, दुकानात एखादी वस्तू नाही म्हटल्यावर हलवतात तशी. रेडिओने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग वडिलांची हाक आली. ते आत आले, त्यांनी पोरीला दंडाला धरलं आणि ती त्यांच्याबरोबर गेली. काठी भिंतीला टेकवलेली तशीच राहिली. विसरली म्हणावं, तर ती वस्तू विसरणारी पोर नव्हती.

घरी जाताना मी काठीबाईला म्हटलं, तू हे काय केलंस? ती चालत राहिली. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "एकीकडे एक होती वन्सं, एकीकडे सगळे होते." पुढे म्हणाली, "तिला मी नंतर समजावीन." पण त्या पोरीच्या वडिलांनी काठीबाईला नंतर कधी फाटकातही उभं केलं नाही. पोरीच्या हाती फोनही दिला नाही.

शाळेने मग एक निवेदन काढलं. संबंधित शिक्षिकेने स्वतःच्या मर्जीने तसं केलं, शाळेची तशी पद्धत नाही, असं त्यात होतं. काठीबाईनेच ते तसं लिहायला सांगितलं. राजीनामाही तिनेच दिला. मोठ्या सरांनी तो घेतला, आणि त्याबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं त्याहून कमी वाटलं, कारण त्यांचा चेहरा मी पाहिला होता. नवा नियम लागू झाला: फाटकाबाहेर प्रत्येक मुलाचा हात धरायचा. घंटा जेवणापुरती राहिली.

त्यानंतर काठीबाई सहा वर्षं जगली. बाहेर फारशी पडत नसे. बाजारात कुणी फोन हातात धरून उभा दिसला की भाऊ तिच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभा राहायचा. घरात तिने काही कमी केलं नाही, हसायचीसुद्धा, पण बोलता बोलता मध्येच थांबायची, कान देऊन. मी विचारायची नाही. मला ठाऊक होतं ती कुणाची पावलं ऐकते.

राजीनाम्यानंतर वर्षभराने ती केस कापणारी मुलगी आमच्या दारात आली. शाळेच्या पहारेकऱ्याची चुलत बहीण तिच्याकडे केस कापायला यायची, तिच्याकडून तिला खरं कळलं होतं. व्हिडिओ तिने केव्हाच पुसला होता, पण त्याचा उपयोग म्हणजे वरात गेल्यावर मांडव झाडणं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हणाली, "मी तरी कुठे बाहेर आले होते त्या दिवशी? काचेच्या आतूनच बघत होते." काठीबाईने तिला आत बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, खरं कळलंय ते आणखी कुणाला सांगितलंस का? ती नाही म्हणाली. मग सांगू नकोस, एवढंच काठीबाई म्हणाली. ती मुलगी बसून रडली. काठीबाईने तिला रडू दिलं. तिची तीच सवय.

काठीबाई दोन हजार एकवीसच्या हिवाळ्यात गेली. छातीत कफ झाला आणि आठवड्यात संपलं. आम्ही कुणाला फारसं कळवलं नव्हतं, येणार कोण असं वाटलं होतं. पण सकाळपासून माणसं येत राहिली. एकेकटी. कुणी आगगाडीने, कुणी रात्रभर बसने. अंगणात काठ्यांचा आवाज थांबेना. पन्नाशीचे गृहस्थ होते, लेकुरवाळ्या बायका होत्या. भाऊ दारात उभा राहून प्रत्येकाला विचारत होता, बरोबर कोण आहे, आणि प्रत्येक जण म्हणत होता, कोणी नाही.

रेडिओही आला. तो आता वकील झाला होता, म्हणजे बोलण्याचे पैसे घ्यायला लागला होता. सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ बसला. मी त्याला म्हटलं, बाबा, तुम्हा सगळ्यांना असं एकटं आलेलं बघून तिला बरं वाटलं असतं. ज्यासाठी तिने केलं ते वाया गेलं नाही.

"बाई, एक सांगू का?" तो म्हणाला. "आम्हाला माहीत होतं."

मला कळेना तो काय म्हणतो.

"त्या मागून यायच्या ते. सगळ्यांना माहीत असायचं. फेरीच्या दिवशी नाही, नंतर सगळं जुळवल्यावर. अहो, मी मोठ्या ऐटीत एकटा चाललोय आणि मागून फुलवाला म्हणतोय, काय बाई, आज कोणाची पाळी? बेकरीवाला तर मला पाव द्यायचा आणि माझ्या डोक्यावरून विचारायचा, तुम्हाला काय देऊ. आम्ही वसतिगृहात रात्री हसून लोळायचो. पण बाईंना ते कळू द्यायचं नाही, असं आमच्यात ठरलेलं होतं. मोठी मुलं लहानांना बजावायची. त्या इतकं जपून चालायच्या, त्यांचा हिरमोड कशाला करायचा."

म्हणजे एकच गुपित दोन्हीकडून आम्ही एकमेकांसाठी जपत होतो. भिंगरीला तेवढं ते कळायला वेळ मिळाला नव्हता. तिची फेरी व्हिडिओ फिरायच्या आदल्या दिवशीच झाली होती.

मी त्याला विचारलं, मग त्या दिवशी तू तो प्रश्न का केलास?

तो म्हणाला, "मुद्दाम केला. बाई हो म्हणतील, सगळ्यांच्याच मागे होते म्हणतील, म्हणजे भिंगरीला वाटणार नाही की तिची एकटीचीच फेरी खोटी. त्या नाही म्हणाल्या. मग मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांसमोर त्या खोट्या पडल्या असत्या. आधीच त्यांच्यावर जग उठलं होतं. मी गप्प बसलो." थोड्या वेळाने म्हणाला, "जन्मात एकदाच गप्प बसलो."

पुढच्या महिन्यात तो आणि मी भिंगरीच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी आम्हाला आत घेतलं. आता त्यांचा राग उरला नव्हता, नुसता थकवा होता. रेडिओने तिला सगळं सांगितलं, फुलवाल्यापासून बेकरीवाल्यापर्यंत. त्याने नकला केल्या, पण ती हसली नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही दोघं लांबून आलात, बरं वाटलं. मी म्हटलं, अगं, खरं आहे हे, ती सगळ्यांच्याच मागे जायची, आम्हा शिक्षकांना ठाऊक होतं. ती म्हणाली, "असेल बाई. पण त्यांनी तोंडाने सांगितलं होतं, आणि त्या माझ्याशी कधी खोटं बोलत नव्हत्या."



आता राहिलेलं सांगते. मोठे सर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. मला कधीतरी फोन करतात आणि हवापाण्याचं बोलतात. शाळेत हात धरायचा नियम अजून आहे, आणि मुलं फाटकाबाहेर जोडीजोडीने दिसतात. म्हणूनच हे सगळं लिहायला मला आता हरकत वाटत नाही. केस कापणाऱ्या मुलीचं स्वतःचं दुकान झालं, त्याच रस्त्यावर. मी तिच्याकडेच जाते, लोक काहीही म्हणोत. म्हातारीच्या विरळ केसांना तिच्याइतका हळू हात कोणी लावत नाही. माझ्या बालमैत्रिणीने पुढे माझी माफी मागितली, आणि त्याच आठवड्यात मला दुसऱ्या कुणा बाईचा व्हिडिओ धाडला. भावाने काठीबाईनंतर टेबल आवरलं. दात आता यंत्रातून निघतात, म्हणतो. रेडिओ सणासुदीला येतो आणि तास तासभर बोलतो, आम्हा दोघांना ते हवं असतं.

भिंगरी एका विमा कंपनीत फोनवर तक्रारी ऐकते. आवाज फार गोड आहे, लोक भांडायला फोन करतात आणि आभार मानून ठेवतात, असं तिच्या वडिलांनी मला अभिमानाने सांगितलं. त्यांनी टेम्पो विकून लहान गाडी घेतली. सकाळी तिला कंपनीच्या दारात सोडतात, दिवसभर खाली गाडीत बसतात आणि संध्याकाळी वर जाऊन हाताला धरून आणतात. त्यांची सत्तरी जवळ आली आहे. मागच्या खेपेला गेले तेव्हा म्हणाले, संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे आले की अलीकडे नीट दिसत नाही. भिंगरी शेजारीच बसली होती. तिने त्यांच्या हातातला कप काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यांचा हात तसाच धरून बसली.